ऊन लागलेला माणूस: आधी पाणी, मग गाडी

एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा या पट्ट्यात पारा ४२ ते ४५ मध्ये खेळत असतो, एखाद्या वर्षी त्याच्याही वर जातो. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापीचं सखल खोरं, काळी जमीन आणि कापूस उपटल्यावर उघडी पडलेली शेतं. इथल्या माणसाला ऊन म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. तरीही एक चूक दर उन्हाळ्यात होते. माणूस कोसळला की चौघं जण त्याला उचलतात, मिळेल त्या गाडीत घालतात आणि तीस-चाळीस किलोमीटरवरच्या तालुक्याला पळवतात. हेतू चांगला, क्रम उलटा. उष्माघातात मेंदू, लिव्हर आणि किडनीचं किती नुकसान होणार हे शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर किती वेळ राहिलं यावर ठरतं. कोसळल्यापासून अर्ध्या तासात ते खाली आणलं तर तरुण, धडधाकट माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. तो अर्धा तास गाडीच्या मागच्या सीटवर गेला, तर पुढे मोठ्या दवाखान्यालाही फार काही करता येत नाही. म्हणून पहिल्यांदा जागच्या जागी गार करायचं, मग हलवायचं.

पण आधी ओळखता आलं पाहिजे. अंग कोरडं पडलं म्हणजे उष्माघात आणि घाम येतोय म्हणजे काळजी नाही, ही खूण पुष्कळांच्या डोक्यात पक्की बसलेली आहे. ती फसवी आहे. पत्र्याच्या खोलीत दोन-तीन दिवस तापत राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग कोरडं असतं, हे खरं. मात्र केळीचे घड वाहताना, वीटभट्टीवर विटा रचताना किंवा पोलीस भरतीसाठी धावताना पडलेला पोरगा घामाने निथळत असतो आणि त्याच वेळी त्याचं आतलं तापमान ४१ असू शकतं. त्यात आपल्याकडची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की घाम फुटला तसा उडून जातो. चांगल्या माणसाची कातडीही कोरडी लागते, शर्टावर फक्त मिठाचे पांढरे डाग उरतात. तेव्हा घाम पाहू नका, भान पाहा.

त्याच्याजवळ बसून त्याच्याच बोलीत विचारा: ‘आज कोनता वार शे? तुनं नाव काय शे? गाव कोनता?’ सरळ उत्तर आलं तर तुमच्या हाती थोडा वेळ आहे. उत्तर चुकलं, तोच शब्द तो पुन्हा पुन्हा बोलू लागला, विनाकारण चिडला, शिव्या देऊ लागला, पाय लटपटले, नजर शून्यात लागली, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात धरून चाला. गावात अशा माणसाला हमखास ‘घेऊन आला वाटतं’ म्हणून झाडाखाली झोपवून ठेवतात. दुपारी दोन वाजता कामावर बरळणारा माणूस प्यायलेला असेलही, पण प्यायलेल्यालाही ऊन लागतंच, उलट लवकर लागतं. अंग तापलेलं असेल तर दारूचा विचार नंतर.

थर्मामीटरवर फार विसंबू नका. आतलं खरं तापमान गुदद्वारातून कळतं आणि ते दवाखान्यातच घेतलं जातं. काखेतला आकडा घाम आणि वाऱ्यामुळे एक-दोन अंशांनी सहज कमी येतो, कपाळावर रोखायचं ते पिस्तूल तर उन्हात काहीही सांगतं. काखेत १०२ फॅरनहाइट आलं आणि माणूस बरळतोय, तर आत १०५ असू शकतं. आकडा कमी दिसला म्हणून थांबायचं नाही.

भान बिघडण्याची दुसरी कारणंही असतात, त्यातली तीन ध्यानात ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, न जेवता कामावर आलेल्या माणसाची साखर उतरलेली असू शकते. कुणाच्या घरी ग्लुकोमीटर असेल तर लगेच पाहा, ७० च्या खाली म्हणजे साखर कमी. फवारणी केलेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, औषधाचा उग्र वास आला, तर ती विषबाधा. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली किंवा पुडा दवाखान्यात सोबत न्या. तिसरं, मेंदूत चढलेला ताप, म्हणजे मेंदूज्वर किंवा मलेरिया. तो ऊन लागण्याच्या आधीपासून असतो, थंडी वाजून आलेला असतो. शंका राहिली तरी गार करायचं थांबवू नका, त्याने यातलं काहीही बिघडत नाही.

उष्माघाताच्या अलीकडच्या पायऱ्या सौम्य असतात आणि तिथेच आवरलं तर पुढचं टळतं. पोटऱ्यांत, मांड्यांत, पोटात वांब येतात, गोळे धरतात. हे खूप घाम गाळून नुसतं पाणी पीत राहिलेल्यांना होतं. सावलीत बसवा, स्नायू हळूहळू ताणा, मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस द्या, आणि निदान काही तास जड काम देऊ नका. लग्नाच्या मांडवात, रेशनच्या रांगेत उभ्या उभ्या चक्कर येऊन पडणं वेगळं. पायाकडच्या शिरा उष्णतेने सैल पडतात, रक्त खाली साचतं, डोक्याला कमी पोचतं. आडवं करून पाय वीतभर उचलून धरले की दोन-चार मिनिटांत माणूस उठतो. नाही उठला तर ती साधी चक्कर नव्हे.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे उन्हाने गळून जाणं. डोकं ठणकतं, मळमळतं, उलटी होते, अंगात त्राण राहत नाही, नाडी धावते, लघवी थोडी आणि गडद होते. पण भान शाबूत असतं. अशा माणसाला गार जागी आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, आणि घोट घोट करत तासाभरात लिटरभर ओआरएस पाजा. तासाभरात तरतरी आली नाही, पोटात काही टिकेना किंवा बोलणं अडखळू लागलं, तर पुढची पायरी आली समजा.

आता मुख्य गोष्ट. उष्माघात झालेल्याला केळीच्या बागेत किंवा शेतातच गार करायचं असेल, तर हाताशी काय असतं? पुष्कळ काही. बोअर किंवा विहिरीची मोटार, केळीची गार सावली, मजुरांसाठी आणलेले पाण्याचे जार, ताडपत्री, खताच्या रिकाम्या गोण्या. एकाने १०८ ला फोन लावावा, बाकीच्यांनी कामाला लागावं. फोनवर गाव, शिवार आणि फाटा सांगा, आणि रस्त्यावर एक माणूस उभा करा. ॲम्ब्युलन्स गावापर्यंत नीट येते, शेतरस्त्यावर चुकते.

माणसाला सावलीत घ्या. चपला, बूट, पट्टा, शर्ट, पँट काढा. बाई असेल तर बायांनी साड्यांचा आडोसा धरावा, पोलकं सैल करावं आणि अंगावरची पातळ साडी तशीच ठेवून भिजवावी. लाजेपायी गार करणं टाळलं तर जीव जाऊ शकतो. मग पाणी. इथे एक गोष्ट हमखास चुकते. ठिबकच्या काळ्या नळ्यांत आणि उघड्यावर पडलेल्या पाइपात दुपारी साचलेलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. बांधावरच्या काळ्या टाकीचंही तसंच. मोटार चालू करून पहिलं पाणी सोडून द्या, मनगटावर धार घेऊन पाहा, गार लागू लागलं की मगच अंगावर धरा. बोअरचं ताजं पाणी साधारण २७ ते ३० अंशांचं असतं. ते बर्फासारखं नसलं, तरी ४१ च्या अंगाला भरपूर गार आहे.

वीज नसेल तर वीस लिटरचे जार घ्या. फवारणीच्या ड्रममधलं पाणी मात्र कितीही जवळ असलं तरी नको. त्यात औषधाचा अंश असतो, आणि तापलेल्या ओल्या कातडीतून तो लवकर आत जातो. फवारणीच्या पंपाने तुषार उडवायची कल्पना एखाद्याला हटकून सुचते, तीही याच कारणाने बाद.

धडधाकट तरुण मेहनतीचं काम करताना पडला असेल, तर सगळ्यात जलद उपाय म्हणजे त्याला मानेपर्यंत गार पाण्यात ठेवणं. टाकं, जनावरांचा हौद, काहीही चालेल, मात्र दोन्ही काखांखालून धोतर किंवा चादर घालून वर कुणीतरी घट्ट धरलेलं हवं आणि डोकं पूर्ण वेळ पाण्याबाहेर हवं. हौद नसेल तर ताडपत्री. माणसाला तिच्यावर ठेवा, चार-पाच जणांनी कडा गुडघ्याच्या वर उचलून धरा, मध्ये शंभरेक लिटर पाणी ओता, मिळाला तर बर्फ टाका, आणि ताडपत्री हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवत राहा म्हणजे अंगाला लागून गरम झालेलं पाणी बाजूला सरतं. बर्फ गावात कुठे मिळतो याचा विचार मार्चमध्येच करून ठेवावा: गोळेवाला, आइसफॅक्टरी, दूध डेअरी, मासळीवाला. बर्फाच्या पाण्यात तापमान दर पाच मिनिटांना साधारण एक अंश उतरतं, इतका वेग दुसऱ्या कुठल्याच घरगुती उपायाला नाही.

म्हातारं माणूस, हृदयविकाराचा रुग्ण, लहान मूल यांना बुडवू नका. त्यांचं सगळं अंग पाण्याने भिजवायचं आणि जोरात वारा घालायचा. सूप, पाटी, खताची गोणी, केळीचं पान, हाताला लागेल ते. दोघं दोन बाजूंनी असले तर उत्तम. मे महिन्यात आपल्या कोरड्या हवेत ही पद्धत फार चांगली चालते. एक लिटर पाणी अंगावरून वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. पाणी मात्र सतत हवं, कातडी कोरडी पडली की ४४ अंशांचा वारा अंग उलट तापवतो. ओल्या चादरीत माणसाला गुंडाळून ठेवणं ही आणखी एक नेहमीची चूक. दोन-तीन मिनिटांत ती चादर अंगाएवढी तापते आणि वाफ अडवून धरते. चादर वापरायचीच तर दर दोन मिनिटांनी पुन्हा गार पाण्यात बुडवून बदला, नाहीतर काढून टाका. काखेत, मानेला, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण कापडात गुंडाळून, आणि फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका.

शुद्ध नसेल तर माणसाला कुशीवर वळवा, उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. भान बिघडलेल्या माणसाला तोंडातून काहीही पाजायचं नाही. पाणी नको, लिंबू-सरबत नको, ‘दोनच चमचे’सुद्धा नकोत. ते फुफ्फुसात उतरतं. झटका आला तर तोंडात चमचा कोंबू नका, डोक्याखाली काही मऊ ठेवा, अंगावर पाणी चालू ठेवा. श्वास थांबला आणि नाडी लागेना, तर छाती दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. पाण्यात असेल तर बाहेर काढून, छाती पुसून, कडक जमिनीवर.

थांबायचं कधी? गुदद्वारातलं तापमान मोजणारं कुणी असेल तर ३९ अंशांवर, म्हणजे १०२ फॅरनहाइटला. नसेल तर माणूस सरळ बोलू लागला किंवा हुडहुडी भरली की. बर्फाच्या पाण्यात दहा ते पंधरा मिनिटं बहुधा पुरतात, नुसत्या पाण्या-वाऱ्याला दुप्पट वेळ लागतो. ॲम्ब्युलन्स मधेच आली तरी गार करणं तोडू नका, गाडीतही अंग ओलं आणि वारा चालू हवा. झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली या कामाला झकास.

‘तापल्या अंगावर गार पाणी टाकलं तर अर्धांग होतं’ हे घरोघरी ऐकू येतं, आणि याच भीतीने कितीतरी माणसं कोरडी ठेवली जातात. गार पाण्याने कातडीतल्या शिरा आकसतात, तेवढं त्यात खरं. पण पाणी आणि अंग यांच्या तापमानातला फरक इतका मोठा असतो की उष्णता तरीही झपाट्याने बाहेर पडते. मैदानी खेळांत आणि सैन्यात उष्माघात झालेल्यांना आज जगभर बर्फाच्या पाण्यातच ठेवतात. कांदा हुंगवणं, तळपायाला कांद्याचा रस चोळणं यांनी अपाय नाही, पण त्यात दहा मिनिटं जातात, आणि ती दहा मिनिटं मोलाची असतात.

क्रोसिनचं, म्हणजे पॅरासिटामॉलचं, मात्र नीट समजून घ्यायला हवं. जंतूंमुळे ताप येतो तेव्हा मेंदू स्वतःच तापमानाचा काटा वर सरकवतो, पॅरासिटामॉल तो काटा खाली आणतं. उष्माघातात काटा जागेवरच असतो, बाहेरून आलेली किंवा कष्टाने आत तयार झालेली उष्णता शरीराला फेकता येत नाही एवढंच. तिथे गोळीला करायला काहीच काम उरत नाही, आणि तापून आधीच दुखावलेल्या लिव्हरवर बोजा पडतो. ॲस्पिरिन आणखी वाईट, कारण उष्माघातात रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडलेली असते. ताप उतरवायचं म्हणून देतात त्या डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनाने किडनीला धोका.

आणि सलाईन. आपल्याकडे सलाईन लागलं की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. शरीरात पाणी कमी पडलं असेल तर ते हवंच, पण सलाईनने ताप उतरत नाही. दुपारी ४० अंशांच्या खोलीत टांगलेल्या बाटलीतलं पाणीही ४० अंशांचंच असतं. दवाखान्यात नेल्यावर बिनधास्त विचारा, ‘गार कसं करताय? तापमान कुठे मोजलं?’ उन्हाळ्यात सरकारी रुग्णालयांत उष्माघात कक्ष उघडतात. तिथे कूलर, बर्फ, पंखा, थर्मामीटर असायला हवेत, रुग्णासोबत गेलेल्याने ते मागायला संकोचू नये.

शुद्धीवर आला, बोलायला लागला, म्हणून परत घरी नेणं ही शेवटची मोठी चूक. लिव्हरचे आकडे चढायला एक ते तीन दिवस लागतात. तापलेले स्नायू फुटून त्यातला रंगीत पदार्थ किडनीत अडकतो, लघवी काळ्या चहासारखी होते, आणि दोन दिवसांनी किडनी बसते. म्हणून भरती करून क्रिएटिनिन (किडनीसाठी), सीपीके (स्नायूंसाठी), लिव्हरच्या तपासण्या, सोडियम, पोटॅशियम, साखर, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची चाचणी करतात, काही पुन्हा पुन्हा. लघवी किती आणि कोणत्या रंगाची होतेय, हे सोबतच्या माणसानेही पाहत राहावं.

बरा झालेल्याने निदान आठवडाभर उन्हात आणि कष्टाच्या कामावर जाऊ नये, आणि तपासण्या ठीक आल्याशिवाय तर नाहीच. नंतर हळूहळू काम वाढवायचं, कारण उन्हाची सवय मोडलेली असते. ही सवय शरीराला खरोखर लागावी लागते. एक ते दोन आठवडे रोज उन्हात थोडं थोडं काम केलं की घाम लवकर आणि जास्त फुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. आठवडाभर सुट्टी पडली की ती ओसरू लागते. नव्या मजुराला पहिल्या दिवशी कामाचा पाचवा हिस्सा द्यावा आणि रोज तेवढाच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण काम द्यावं, असा साधा हिशेब जगभर वापरतात. ठेकेदाराला तो परवडत नाही, हे माहीत आहे. पण पहिल्या तीन-चार दिवसांतच माणसं पडतात, हेही त्याने माहीत करून घ्यावं. पुण्या-मुंबईहून, सुरतेहून आखाजीला (अक्षय तृतीयेला) किंवा लग्नाला आलेले पाहुणेही याच गटात. वर्षभर एसीत बसून भर दुपारी वरातीत नाचणाऱ्याला त्याच्या वडिलांची काटकता वारशाने मिळत नाही.

हवामान खात्याच्या इशाऱ्याचीही आपल्यापुरती एक गोम आहे. मैदानी भागात पारा निदान ४० आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर गेला तर उष्णतेची लाट, ६.४ पेक्षा जास्त गेला तर तीव्र लाट. शिवाय थेट ४५ गाठलं तरी लाट, ४७ ला तीव्र. आता जळगावची मे महिन्याची सरासरी कमाल ४२ च्या आसपास. म्हणजे ४३-४४ च्या दिवशी कागदावर लाट नसते, शेतात मात्र माणसं पडतात. शिवाय तो आकडा सावलीतल्या पेटीतला असतो, बांधावरच्या उन्हातला नव्हे. इशारा आला तर सावध व्हाच, पण नाही आला म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि खरी गोची जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होते. पारा ३८ वर उतरतो, ढग येतात, लोकांना वाटतं सुटलो. ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर जो आकडा दाखवतो, घामाने अंग गार होण्याची मर्यादा साधारण त्यावर ठरते; तो जितका वर, तितका घाम कमी कामाचा. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला तो आकडा २३ च्या जवळ असतो, ३८ अंश आणि ५५ टक्क्यांना ३० च्या जवळ. याचा पुरावा प्रत्येक घराच्या खिडकीत आहे: मे महिन्यात गारेगार करणारा कूलर जूनमध्ये नुसता दमट वारा फेकतो. आपलं शरीरही त्याच तत्त्वावर चालतं. नेमक्या त्याच दिवसांत पेरणीपूर्व कामांची घाई असते. तेव्हा दुपारी बाराच्या आत काम आटोपायचा नियम पहिला पाऊस पडेपर्यंत मोडायचा नाही. या दिवसांत गार करतानाही नुसत्या वाऱ्यावर भागत नाही, पाणी जास्त आणि शक्य तितकं थंड लागतं.

प्यायचं किती? कष्टाचं काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. तहानेची वाट पाहायची नाही, पण तासाला दीड लिटरच्या वर जायचंही नाही. दिवसभर नुसतं पाणी ढोसणाऱ्याचं रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, भान जातं, आणि अंग मात्र तापलेलं नसतं. दोन वेळा भाकरी-भाजी, लोणचं, मिठाचं ताक पोटात जात असेल तर बहुतेकांना वेगळं मीठ लागत नाही. न जेवता कामावर येणाऱ्याला लागतं. लघवी फिकट पिवळी आहे का, हे पाहणं सगळ्यात सोपं. उन्हाळी लागली, जळजळ होऊ लागली, म्हणजे दोन दिवसांपासून पाणी कमी पडतंय. पन्हं, सब्जा, धन्याचं पाणी सगळं चांगलं, पण त्यात किती मीठ पडलं याचा भरवसा नसतो.

ओआरएसच्या पुडीवर ‘एक लिटर’ लिहिलं असेल तर ती एक लिटरमध्येच. पेल्यात अर्धी पुडी झटकली की पाणी इतकं दाट होतं की उलट जुलाब होतात. पिंपात एक टाकली तर उपयोग शून्य. २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून वाचून मगच फोडा. बरोबर पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ असं लिहिलेलं असतं. दुकानात मिळणारे फळांच्या चवीचे गोड डबे त्याची जागा घेत नाहीत. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं दुखणं गाजावाजा न करता येतं. त्यांना तहान लागल्याचं उशिरा कळतं, घाम कमी येतो, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून ते मुद्दाम पाणी कमी पितात. पहिल्या दिवशी जेवण टाकतात, दुसऱ्या दिवशी दिवसभर झोपून राहतात, तिसऱ्या दिवशी बरळतात. म्हणून दुपारी तीनला आणि रात्री झोपण्याआधी, दोनदा जाऊन बोलून या, पायरीवरून नुसती हाक नको. पत्र्यावर पांढरा चुना मारा, वर पऱ्हाटी किंवा केळीची वाळली पानं पसरा, पण चुलीच्या ठिणग्यांपासून दूर. धाब्याचं घर दिवसा बरं, रात्री मात्र ते दिवसभराची उष्णता परत सोडतं, तेव्हा त्यांची बाज अंगणात टाका. खोली ४० च्या वर तापली असेल तर नुसत्या पंख्याने काम भागत नाही. अंगाला ओलं फडकं फिरवून मग पंखा लावा.

गोळ्यांकडे बहुतेक घरांत कुणी पाहत नाही. पायाची सूज उतरवायची पाण्याची गोळी, काही ब्लडप्रेशरच्या गोळ्या, मानसिक आजाराची आणि कंपवाताची औषधं, लिथियम, सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या यांतली काही घाम कमी करतात, काही शरीरातलं पाणी घटवतात, काही नाडीला वेग घेऊ देत नाहीत. मनाने एकही बंद करू नका. अचानक सोडलेली ब्लडप्रेशरची किंवा मनाच्या आजाराची गोळी उन्हापेक्षा महाग पडू शकते. ज्यांना हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी वरचं लिटरचं गणित स्वतःला लावू नये. पाडव्यानंतर एकदा सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरकडे जा आणि दोनच गोष्टी विचारा: उन्हाळ्यात यातल्या कशाचा डोस बदलायचा, आणि जुलाब-उलट्या लागल्या तर कोणती गोळी त्या दिवसापुरती थांबवायची. उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी गोळ्यांच्या पिशवीतच ठेवा.